वरसईचे विष्णुभट गोडसे : घरच्या आठवणीची साक्ष

जुन्या घराण्यांत पूर्वजांविषयीं ज्या हकीकती सांगण्यांत येतात, त्यांवर इतिहासकारानें किती भार द्यावा, हा वाद जुनाच आहे. ‘आमचे खापरपणजे झांशीच्या राणीच्या पदरीं होते’ असें वाक्य पुष्कळ घरांत ऐकूं येतें. परंतु ते गेले केव्हां, कोणाबरोबर, कशासाठीं, व परतले तेव्हां जवळ काय होतें, असें विचारलें म्हणजे सांगणारा गप्प बसतो. ह्या चारी प्रश्नांस ज्यांत उत्तर मिळतें अशी एक हकीकत सुदैवानें लेखी उरली आहे. ती वरसईचे विष्णुभट गोडसे यांची होय.

वरसई हें पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत पेणजवळचें गांव. गोडशांचें घर भिक्षुकीचें. त्यांत कर्ज झालेलें. अशांत दौलतराव शिंद्यांच्या विधवा बायजाबाई ह्या मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, अशी वार्ता कोंकणांत आली. सर्वतोमुख म्हणजे चारी दिशांस अग्नि मांडून करावयाचा सोमयाग. त्यास ऋत्विज पुष्कळ लागतात, व दक्षिणाही त्याच मानानें मोठी. ती मिळवून कर्ज फेडावें, एवढा हेतु धरून विष्णुभट आपले चुलते रामभट यांसह इ. स. १८५७ त घराबाहेर पडले. शिपाई बिघडल्याची बातमी त्यांस वाटेंत लागली.

हेतूची ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. मागाहूनच्या पिढ्या पूर्वजाच्या प्रवासास पुढें घडलेल्या मोठ्या गोष्टींचा हेतु चिकटवितात, व दक्षिणेसाठीं निघालेल्या भिक्षुकाचा बघतां बघतां वीर होतो. विष्णुभटांनीं स्वतःस वीर म्हटलेलें नाहीं. आपण भ्यालों, लपलों, लुबाडले गेलों, हें त्यांनीं सरळ लिहिलें आहे. साक्षीदाराची परीक्षा करतांना त्याचें हें निःसंकोच बोलणें आम्ही त्याच्या बाजूचें धरतों.

तरी ताडून पाहण्याचें काम उरतेंच; कारण हें लिखाण झालें तें सुमारें पाव शतकानंतर, आठवणीवरून. यासाठीं लेखकाचें पाहिलेलें व ऐकलेलें असे दोन भाग करावे. राणीचा अंत जून १८५८ मध्यें ग्वाल्हेरीस झाला. तेथें विष्णुभट नव्हते, म्हणून तो भाग ऐकीव समजावा. झांशीची गोष्ट वेगळी. सर ह्यू रोज याची फौज २१ मार्च १८५८ रोजीं शहरापुढें आली, तात्या टोपे यांचा बेतवेच्या कांठीं १ एप्रिलास मोड झाला, व ३ एप्रिलास इंग्रज शहरांत शिरले. ह्या सर्व काळांत विष्णुभट झांशींतच होते. कोणी काय लुटलें, सोन्यारुप्यामागून तांब्यापितळेचीं भांडीं व शेवटीं धान्यही कसें गेलें, राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाची धूळधाण कशी झाली, हें लपून बसलेल्या माणसाच्या नजरेनें त्यांत आलें आहे. सेनापतीच्या खलित्यांत पोथ्यांचा शोक कोण करणार? तो भिक्षुकासच सुचावयाचा.

पुढें काल्पीच्या बाजूस एका विहिरीपाशीं त्यांची व राणीची अकस्मात् गांठ पडली. ती पुरुषवेषांत, धुळीनें माखलेली व तहानेली होती. भटजी पाणी काढून देऊं लागले, तों विद्वान् ब्राह्मणाकडून ही सेवा नको, असें म्हणून तिनें मडकें आपल्या हातीं घेतलें व स्वतः पाणी शेंदलें. अशी आठवण बनावट असती तर तींत सांगणाऱ्याचा कांहीं पराक्रम तरी आला असता.

द्रव्य मिळालें तें वाटेंत पुन्हां पुन्हां लुटलें गेलें. अखेर आईबापांस स्नान घालण्यासाठीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले. ज्या कर्जासाठीं निघाले तें कर्ज कावडीनें फिटणारें नव्हतें. परंतु घरच्यांच्या दृष्टीनें प्रवासाचें फळ हेंच, आणि लेखकानेंही तें लढाईच्या वर्णनाहून कमी प्रेमानें सांगितलेलें नाहीं.

आतां प्रतींविषयीं. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून विष्णुभटांनीं ही हकीकत मोडींत लिहिली. विषय सत्तावनचा, म्हणून सरकारच्या रोषाचें भय होतें; लेखकाच्या हयातींत ती छापली गेली नाहीं. इ. स. १९०७ त वैद्यांनीं ‘माझा प्रवास’ ह्या नांवानें ती प्रसिद्ध केली, पण भाषा नागर करून व मजकुरांत फेरफार करून. हे उपकार मोठे असले तरी जुन्या कागदावर असा हात फिरविणें आम्हांस मान्य नाहीं. सुदैवानें वैद्यांनीं मूळ लिखाण नष्ट होऊं न देतां पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलें, व तेथील प्रतीवरून दत्तो वामन पोतदार यांनीं इ. स. १९६६ त मूळ पाठ छापला. त्यांत कोंकणांतल्या भटजींची बोली जशीच्या तशी ऐकूं येते. ज्यांच्या घरीं वैद्यांच्या पाठाचीच आवृत्ति असेल, त्यांनीं निदान झांशीचें प्रकरण तरी पोतदारांच्या प्रतीशीं ओळीस ओळ लावून वाचावें.