आवाजाचे आकडे, चित्राचे ठिपके

आजचा विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका, गणित पाढ्यांच्या पुढे जाणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजीची ओवी, बाबांची गोष्ट, नातवंडांची आरती असं काही ना काही साठवलेलं असतं. ते वीस वर्षांनीही स्वच्छ ऐकू यावं, नीट दिसावं असं वाटत असेल, तर फोन आत काय करतो हे एकदा समजून घेऊया.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती माइकवर आदळते आणि विजेचा चढउतार तयार होतो. संगणकाला मात्र फक्त आकडे कळतात. म्हणून तो त्या लाटेची उंची पुन्हा पुन्हा मोजतो आणि लिहून ठेवतो. घरात कुणाला ताप आला की आपण दर तासाला कागदावर नोंद करतो ना, तसंच. सीडीसाठी ही नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते.

इतक्या वेळा कशाला? नियम असा आहे की जितक्या वेळा मोजाल, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून दुप्पट, आणि वर थोडी जागा.

आता साधा फोन कॉल घ्या. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला फक्त ८,००० मोजमापं. म्हणजे ४,००० कंपनांच्या वरचं सगळं गेलं. ‘स’चा सीत्कार तर बराचसा त्याच्याही वर असतो. मोठ्याने म्हणून बघा: ‘चहाचा चमचा’. चहातला ‘च’ वेगळा आणि चमच्यातला, दाताजवळचा ‘च’ वेगळा. इथे वाढणाऱ्या मुलांना हा फरक कानानेच शिकावा लागतो, आणि अशा कॉलवर नेमका तोच पुसट होतो. तेव्हा आजीचा आवाज जपायचा असेल, तर कॉल रेकॉर्ड करू नका. आजीच्याच शेजारी बसलेल्या कुणाला तरी तिथल्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगा.

दुसरी गोष्ट, पातळी. सीडीवर प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्या असतात. आवाज सर्वांत वरच्या पायरीच्या पलीकडे गेला, की लाटेचा शेंडा सपाट कापला जातो आणि ऐकताना खरखर येते. आपल्या शेजारच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे १९६०च्या दशकात तयार झालेले ॲम्प्लिफायर गिटारवाल्यांना आवडले ते असाच आवाज फाटतो म्हणून! पण तो फाटण्याचा गोडवा जुन्या व्हॉल्व्हचा. आपल्या आरतीत झांज फोनला खेटून वाजली, तर उरते ती नुसती खरखर. फोन चार हात लांब ठेवा.

सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा आवाज सुमारे साडेदहा एमबी जागा घेतो. एमपीथ्रीची नेहमीची १२८ किलोबिटची फाइल एका एमबीत भागवते. कशी? झांजा वाजत असताना शेजारची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. जे कानाला कळणारच नाही, ते एमपीथ्री टाकून देते. युक्ती छान आहे, पण टाकलेलं परत येत नाही. लहान केलेली फाइल पुन्हा लहान केली, की आणखी थोडं जातं.

चित्राचंही असंच. फोटो म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. त्यातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग होतात. ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा फोटो मुळात ३६ एमबीचा. जेपेग त्यातले बारकावे गाळून तो काही एमबीत बसवतं.

मात्र चित्र साठवायची दुसरीही रीत आहे. रांगोळीची वही आठवा. तिथे रांगोळीचा कणन् कण छापलेला नसतो. इतके ठिपके, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ, एवढीच सूचना असते. त्यावरून तुम्ही वीतभर काढा नाहीतर अंगणभर. याला व्हेक्टर चित्र म्हणतात. संगणकावरची आपली देवनागरी अक्षरंही अशीच साठवलेली असतात, म्हणून ती कितीही मोठी केली तरी कडा सुबक राहतात. गणेशोत्सवाच्या फलकावर बोधचिन्ह छापायचं असेल, तर व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो देऊ नका. मूळ व्हेक्टर फाइल मागून घ्या.

ही सगळी मोजमापाची विद्या आपल्या गावाला नवी नाही. ईलिंग ग्रीनजवळच्या स्टुडिओत १९३१ साली खास बोलपटांसाठी ध्वनिमंच उभे राहिले. पुढे त्याच आवारात अभिनेते अँडी सर्किस यांच्या ‘इमॅजिनेरियम’ने काम केलं. तिथे नटाच्या अंगावर खुणा लावून, अनेक कॅमेऱ्यांनी त्याची प्रत्येक हालचाल आकड्यांत टिपत. त्या आकड्यांवरून संगणकातलं पात्र चालायचं. आवाज असो, फोटो असो की हालचाल, आधी नीट मोजलं तरच पुढे काही करता येतं.

हे जपणं किती मोलाचं आहे, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी ओव्यांचा आवाजही टिपला गेला. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. पण ते गळे आज इंटरनेटवर ऐकता येतात.

तर या शनिवार-रविवारी एवढं करा. पडदे आणि गालिचा असलेली खोली निवडा, म्हणजे आवाज घुमणार नाही. खिडकी बंद करा. फोन उशीवर ठेवा, तोंडापासून हातभर लांब. आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ऐका. फाइल व्हॉट्सॲपने पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि फाइलला नाव द्या: कोण, कुठे, कधी. नाव नसलेली फाइल सापडत नाही, आणि सापडली तरी आवाज कुणाचा हे सांगणारं कुणी नसतं.

पुन्हा भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि आजीला फोन करा. नमस्कार!