तळटीपेतली मिस ब्लँडिश

जॉर्ज ऑर्वेलच्या 'रॅफल्स अँड मिस ब्लँडिश' या निबंधाला एक छोटीशी तळटीप आहे. निबंध ऑक्टोबर १९४४ च्या 'होरायझन' मासिकात छापून आला तेव्हा ती नव्हती. पुढे तो पुस्तकात घ्यायची वेळ आली तेव्हा, १९४५ साली, ऑर्वेलने ती जोडली. तो म्हणतो, जेम्स हॅडली चेसच्या 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' या कादंबरीच्या शेवटाचा दुसराही अर्थ लागू शकतो. मिस ब्लँडिश गरोदर आहे, एवढंच कदाचित सुचवायचं असेल. पण पुस्तकाचा एकूण क्रूरपणा पाहता मी लावलेला अर्थच त्याला जास्त शोभतो. एवढं लिहून तो मोकळा होतो.

मला या टीपेने बरीच वर्षं छळलं आहे. शब्द तोलूनमापून वापरणारा हा लेखक, एका मुलीने खिडकीतून उडी का घेतली याचं उत्तर निबंधात ठासून देतो. मग कुणीतरी शंका काढली असावी म्हणून दुसरं उत्तर बारीक टायपात पानाच्या तळाशी नेऊन ठेवतो, आणि तेही लगेच नाकारतो. 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश'वर लोकांनी आजवर जे काही म्हटलं, त्यातलं सगळ्यात रंजक मला या टीपेतच सापडलं.

जेम्स हॅडली चेस कोण, हे सांगायची गरज नसावी. रेल्वे स्टेशनवरचे स्टॉल, मुंबईतल्या फाउंटनच्या फुटपाथवरचे जुने पुस्तकवाले आणि गल्लीबोळातल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या यांनी एका अख्ख्या मराठी पिढीला चेस पुरवला. मुखपृष्ठावरच्या कमी कपड्यांतल्या बाईचा आतल्या कथानकाशी संबंध असेलच असं नव्हतं, पण घरी नेताना पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर मात्र घालावं लागे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून मोठा झालेला मुलगा चेसकडे वळला की त्याला पहिला धक्का रक्तपाताचा बसत नसे. अर्नाळकरांचा धनंजय सज्जन होता, काळापहाडालासुद्धा स्वतःचा असा एक धर्म होता. चेसच्या जगात सज्जन कुणी नाहीच, हा खरा धक्का. गंमत अशी, की ऑर्वेलची तक्रारही नेमकी हीच होती.

त्याच्या निबंधाची मांडणी सोपी आहे. एका बाजूला ई. डब्ल्यू. हॉर्नंगचा रॅफल्स: उच्चभ्रू, क्रिकेट खेळणारा चोर. तो पाहुणा म्हणून उतरलेल्या घरातही चोरी करतो, पण यजमानाची करत नाही. 'हे बरं दिसत नाही' एवढी लाज तरी त्याला असते. दुसऱ्या बाजूला चेस. एका कोट्यधीशाची मुलगी गुंडांच्या हाती लागते. त्या गुंडांना मारून दुसरी, जास्त तयारीची टोळी तिला पळवते आणि बापाकडून खंडणी उकळते. टोळीतल्या स्लिम ग्रिसनला माणसांच्या पोटात सुरा खुपसण्यात सुख वाटतं, आणि तो नपुंसक आहे. टोळीचं डोकं म्हणजे त्याची आई, मा ग्रिसन. मुलाला 'बरं' करण्यासाठी ती या मुलीला कोंडून ठेवते, औषधं देऊन गुंगीत ठेवते, रबरी नळीने मारते. मुलीची सुटका करणारा खासगी गुप्तहेर फेनर याच्याही पद्धती गुंडांहून फारशा वेगळ्या नाहीत. एवढं सगळं सांगून ऑर्वेल प्रामाणिकपणे हेही कबूल करतो, की लिखाण म्हणून पुस्तक उत्तम आहे, त्यात एक शब्द वाया गेलेला नाही. नाक मुरडणाऱ्या समीक्षकांत हा मोकळेपणा क्वचित दिसतो.

लेखकाचं खरं नाव रेने लॉज ब्रॅबॅझन रेमंड, जन्म लंडनचा, १९०६. वडील ब्रिटिश हिंदुस्थानी लष्करात कर्नल आणि पशुवैद्य. ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, वडील सरकारच्या अफू खात्यात. म्हणजे या दोन्ही घरांच्या चुली इकडच्या पगारावर पेटत होत्या. रेमंडने घर लवकर सोडलं, दारोदार ज्ञानकोश विकले, मग पुस्तकांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरी धरली. कोणती पुस्तकं खपतात हे त्याला रोजच दिसत होतं. जेम्स केनची 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' कशी गेली तेही त्याने पाहिलं होतं. अमेरिकन बोलीचा शब्दकोश आणि नकाशे समोर ठेवून, सुट्टीच्या दिवसांत त्याने मिस ब्लँडिश लिहून काढली. अमेरिकेला न जाता लिहिलेली ही अमेरिका १९३९ साली जॅरोल्ड्सने छापली. मा ग्रिसनमध्ये अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या टोळीच्या मा बार्करची छाया आहे आणि कथानकात फॉकनरच्या 'सँक्च्युअरी'ची, हे तेव्हाही लोकांना दिसलं होतं. पुढे रेमंड चँडलरने उचलेगिरीचा आरोप केला आणि चेसला जाहीर माफी मागावी लागली, तो मामला 'ब्लाँड्स रिक्वीम' या वेगळ्या पुस्तकाचा.

खटल्याच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. अश्लीलतेबद्दल चेसला दंड झाला तो मिस ब्लँडिशपायी, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. खटला होता 'मिस कॅलाघन कम्स टू ग्रीफ' या १९४१ च्या कादंबरीवर. १९४२ साली लेखक आणि प्रकाशक दोघांनाही प्रत्येकी १०० पौंड दंड झाला. त्याच वर्षी लंडनच्या वेस्ट एंडमध्ये मिस ब्लँडिशचं नाटक लागलं होतं, रॉबर्ट न्यूटन स्लिमच्या आणि लिंडेन ट्रॅव्हर्स मिस ब्लँडिशच्या भूमिकेत. न्यायालयात एका कादंबरीला शिक्षा, आणि थोड्या अंतरावर तिच्या थोरल्या बहिणीसाठी तिकिटांची रांग! शिवाय हा गुन्हेगार त्या काळात हवाई दलात होता आणि दलाच्या मासिकाचं संपादन करत होता. सरकारचा एक हात दंड वसूल करत होता, दुसरा पगार देत होता.

पुस्तकाचा खरा बहर १९४० चा. डोक्यावर जर्मन बाँब पडत असताना लंडनकर हे वाचत होते. निदान पाच लाख प्रती खपल्याचा आकडा ऑर्वेल देतो. त्या दिवसांतल्या 'न्यूयॉर्कर'मधल्या एका व्यंगचित्राची आठवणही तो काढतो: पेपरच्या दुकानात रणगाड्यांच्या आणि आरमाराच्या लढायांचे मथळे लटकताहेत, आणि एक किरकोळ माणूस साहसकथांचं मासिक मागतो आहे. खरं युद्ध दारात असताना यांना खोट्या गोळ्या का लागतात? ऑर्वेलचं उत्तर राजकीय आहे. हुकूमशाहीच्या काळातलं हे दिवास्वप्न आहे; इथे वाचक न्यायाच्या बाजूने नसतो, तर जो जिंकतो त्याच्या बाजूने असतो. इंग्लंडचे विचारवंत स्टालिनच्या पायाशी बसतात तेव्हा करतात तेच, चेसचा वाचक आपल्या पातळीवर करतो.

इथे मला ऑर्वेल अर्धाच पटतो. बाँबच्या आवाजात भुयारी स्टेशनात अंग चोरून बसलेल्या माणसाने गुंडांची कादंबरी हाती घेतली, की तो लगेच सत्तेचा पुजारी ठरतो का? आपल्या जिवाचं काय होईल ते ठाऊक नसताना, निदान शेवटच्या पानावर संपणारी भीती हवीशी वाटणं मला जास्त समजतं. पण ऑर्वेल शक्तिपूजेला इतका का धसकला होता, ते १९४४ च्या उन्हाळ्याकडे पाहिलं की कळतं. २८ जून १९४४ ला मॉर्टिमर क्रेसेंटमधल्या त्याच्या घरावर उडता बाँब पडला. ढिगाऱ्यातून त्याने एक चुरगळलेलं हस्तलिखित उपसून काढलं, ते 'ॲनिमल फार्म'चं. जुलैत टी. एस. एलियटने फेबर प्रकाशनाच्या वतीने ते नाकारलं. दोस्तराष्ट्र रशियाला दुखवायची तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती. ऑगस्टअखेर मिस ब्लँडिशवरचा निबंध पुरा झाला. बलवानापुढे वाकणाऱ्यांची त्याला किळस आली होती, आणि त्याच नजरेने त्याने चेस वाचला.

आता ते शेवटचं पान. स्लिम मारला गेला आहे, फेनरने मुलीला हॉटेलच्या खोलीत आणलं आहे, बाप यायचा आहे. स्लिम मेला तरी गेलेला नाही, तो माझ्यापाशीच आहे, अशा अर्थाचं ती काहीतरी बोलते. फेनर तिला एकटी सोडतो आणि ती खिडकीतून उडी घेते. चेस खुलासा करत नाही. ऑर्वेल करतो: तिला स्लिमच्या स्पर्शाची इतकी चटक लागली होती, की त्याच्याशिवाय जगणं तिला अशक्य झालं. गेलं अख्खं पुस्तक जिला शुद्धीवर येऊ दिलेलं नाही, जिला स्वतःचं पहिलं नावही दिलेलं नाही, तिच्या मनातलं ऑर्वेल एका वाक्यात सांगून टाकतो. बर्मात पाच वर्षं पोलिसात काढलेल्या आणि कोठडीत माणसाचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला फार नवल वाटतं.

आणि पुढे चाललं ते हेच वाचन. १९४८ चा सेंट जॉन लेग क्लाउझचा चित्रपट पाहा. त्यात पुन्हा लिंडेन ट्रॅव्हर्सच, आणि तिची मिस ब्लँडिश स्लिमवर मनापासून प्रेम करते. तो गेल्यावर तिलाही जगायचं नसतं. समीक्षक पिसाळले. पडद्यावर एवढी विकृती कधी दिसलीच नव्हती, असं लिहिलं गेलं. काही गावांनी बंदी घातली. अन्नखात्याच्या संसदीय सचिव डॉ. एडिथ समरस्किल यांनी ब्रिटिश जनतेची मनं बिघडतील असा इशारा दिला. (रेशनिंगच्या काळात अन्नखात्याला एवढी फुरसत होती, हे वाचून बरं वाटतं.) या आरडाओरड्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही: रबरी नळी आणि गुंगीची औषधं काढून टाकून चित्रपटाने पुस्तक सौम्यच केलं होतं. मग लोक बिथरले कशाने? प्रेमाने. कोट्यधीशाच्या मुलीवर अत्याचार होतो हे चालून गेलं होतं. ती गुंडावर स्वखुशीने प्रेम करते हे चाललं नाही.

फ्रेंचांना यातलं काहीच खुपलं नाही. मार्सेल द्यूआमेलच्या 'सेरी न्वार' मालेत हे पुस्तक सुरुवातीलाच, १९४६ साली आलं आणि अभिजात ठरलं. रॉबर्ट ऑल्ड्रिचने १९७१ साली 'द ग्रिसम गँग' काढला. त्याने मुलीला बार्बरा हे नाव दिलं, आणि शेवटी बाप तिच्याकडे ज्या तिरस्काराने पाहतो तो स्लिमच्या सुऱ्याइतकाच धारदार ठेवला. स्टॉकहोमच्या बँकेतलं ओलीसनाट्य आणि त्यावरून पडलेलं 'स्टॉकहोम सिंड्रोम' हे नाव त्यानंतर दोन वर्षांनी आलं. आजचा वाचक ते नाव लावून मोकळा होतो. मला तेही ऑर्वेलच्या वाक्याइतकंच घाईचं वाटतं.

आपल्याकडे पेपरबॅकमध्ये आलेली मिस ब्लँडिश बहुधा ऑर्वेलने वाचलेली नव्हे. नव्या वाचकांना १९३९ चं जग जुनाट वाटेल म्हणून चेसने १९६१ साली कादंबरी नव्याने लिहिली. खिडकी मात्र तशीच ठेवली, आणि तिच्या उडीचं कारण तेव्हाही सांगितलं नाही.

ऑर्वेलच्या अर्थाकडे मी इतका परत परत जातो, याचं कारण त्याची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी आहे. कोंडलेला, मार खाल्लेला, मोडलेला माणूस शेवटी छळणाऱ्यावरच प्रेम करू लागतो. ही मिस ब्लँडिश आहे का? होय, पण चेसची नाही, ऑर्वेलच्या निबंधातली. त्याने हा शेवट चेसकडून घेतला असं मात्र म्हणता येत नाही. 'द लास्ट मॅन इन युरोप' या नावाने त्याने वहीत केलेला याच कादंबरीचा आराखडा अभ्यासक १९४३-४४ च्या सुमाराचा मानतात, आणि छळ व कबुली त्यात आधीच आहेत. तेव्हा क्रम उलटा असावा. त्या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ डोक्यात घोळत असताना त्याने चेस उघडला आणि विन्स्टनचा शेवट त्या मुलीच्या माथी मारला. गरोदरपणाचा पर्याय कुणी पुढे केला, तर त्याला त्याने तळटीप दिली. तिसरा पर्याय त्याच्या मनात आलाच नाही: प्रेम नाही, गर्भही नाही, थोड्याच वेळात दारातून बाप आत येणार होता आणि तिला त्याच्या नजरेसमोर उभं राहायचं नव्हतं.