रेंज येऊन नाही राहिली? बरोबरच बोललात!

समजा, तुम्ही साखरखेर्ड्याहून पुण्याला शिकायला गेलात. होस्टेलवर फोन हातात धरून म्हणालात, ‘अबे, रेंजच येऊन नाही राहिली!’ रूममेट हसणार, ठरलेलंच. पण जरा थांबा. त्यांच्यातला सांगलीचा ‘रेंज येईना’ म्हणतो आणि पुण्याचा ‘रेंज येत नाहीये’. ‘रेंज’ तिघांची एकच, बदललं फक्त क्रियापद. मग हसायचं कोणी कोणाला?

स्पॅनिशमध्ये गंमत याच्या उलटी आहे. ही भाषा स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत बोलतात, पण तिथे वस्तूचं नावच बदलतं. कॉम्प्युटर स्पेनमध्ये ‘ओर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’, चिलीत ‘कोम्पुतादोर’. म्हणजे मेक्सिकोत ती आणि चिलीत तो! मोबाइल स्पेनमध्ये ‘मोविल’, तर लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘सेलुलार’. माऊसला स्पेनमध्ये सरळ ‘रातोन’ म्हणजे उंदीर म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत अनेकांच्या तोंडी ‘माऊस’च असतो.

हे शब्द आले कुठून? १९५५ मध्ये आयबीएमच्या फ्रान्समधल्या कंपनीला नव्या यंत्रासाठी फ्रेंच नाव हवं होतं. झाक पेरे या प्राध्यापकांनी ‘ओर्दिनातर’ सुचवलं. तोच शब्द शेजारच्या स्पेनने उचलला. अमेरिकेच्या बाजूच्या देशांत मात्र इंग्रजीच्या जवळचा शब्द रुळला. बरोबर कोणता? सगळेच. जिथे जो शब्द लोकांच्या तोंडी बसला, तिथे तो बरोबर.

आपल्याकडेही तेच आहे. ‘संगणक’ पुस्तकात आणि सरकारी कागदावर पक्का बसला. ‘भ्रमणध्वनी’ मात्र लग्नपत्रिकेच्या पुढे फारसा सरकला नाही. उरलेले शब्द आपण इंग्रजीतून घेतले आणि आपल्या व्याकरणात बसवून टाकले. तो मोबाइल, ती फाईल, ते अ‍ॅप. इंग्रजीत ‘फाईल’ बाईमाणूस नाही, आपण केली! रिचार्ज मारतो, फोन हँग होतो, झेरॉक्स काढतो. यासाठी कोणी मीटिंग घेतली नव्हती.

नाव शेवटी लोकच टिकवतात, हे साखरखेर्ड्याला वेगळं सांगायला नको. १७२४ मध्ये इथल्या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाचा पराभव केला आणि विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव ‘फतेहखेर्डा’ केलं. आज एसटीवर पाटी कोणती असते? तालुक्याचं गाव सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर. त्यांच्या शिवबांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करून घेतला. मोठं काम होतं ते. तरीही मूळचे फारसी-अरबी असलेले कागद, जमीन, वकील हे शब्द आजही आपल्या बोलण्यात आहेतच.

आता कामाची गोष्ट. घरात मोबाइल सगळ्यांत जास्त कळतो तो तुम्हाला. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपलं पीक स्वतः अ‍ॅपवर नोंदवायचं असतं. बँकेचे व्यवहारही फोनवर आले. अशा वेळी ‘सांकेतांक प्रविष्ट करा’ वाचून वडील गोंधळतात आणि ‘ओटीपी’ म्हणजे काय, हे न कळल्यामुळे एखाद्या आजोबांच्या खात्यातले पैसे जातात. तिथे ना पुस्तकी मराठी कामाची, ना नुसतं इंग्रजी. तिथे तुमची बोली लागते: ‘आबा, मेसेजमध्ये एक आकडा येते. तो कोणालेच सांगू नका, बँकवाला म्हणला तरी नाही.’ बस! एवढ्या दोन वाक्यांत आयुष्यभराची कमाई वाचू शकते.

म्हणून या सुट्टीत एक करा. पासवर्ड, लिंक, अपडेट, बॅकअप, परमिशन असे दहा शब्द घ्या आणि आजीला कळतील असे सांगून बघा. जो शब्द तिला पटकन समजला, तो वहीत लिहून ठेवा. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरचं मराठी रूप स्वयंसेवकांनीच घडवलंय. तिथे तुमची वही उपयोगी पडू शकते. कोशात जागा मिळो न मिळो, आजीच्या तोंडी बसलेला शब्द कोणी काढू शकत नाही.