औषध पोहोचते, तरी जंतू का तगतात?

जबलपूर – क्षयरोगावरील उपचार सुरू झाले की बहुतेक रुग्णांचा ताप काही आठवड्यांत उतरतो, खोकला कमी होतो आणि अन्नाची रुची परत येते. नेमक्या याच सुमारास अनेक जण गोळ्या थांबवतात. औषधांचा कोर्स मात्र साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. उरलेले चार-पाच महिने औषध नेमके कोणाशी झुंजत असते, या प्रश्नाचे एक उत्तर जिवाणूंच्या सामूहिक राहणीच्या अभ्यासातून पुढे आले आहे.

जबलपूरसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था १९८४ पासून या शहरात आहे. तेथील संशोधकांनी मध्य प्रदेशच्या श्योपूर जिल्ह्यातील सहारिया आदिवासींची पाहणी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, या समाजातील प्रौढांमध्ये फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे १,५१८ इतके आढळले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत हाच आकडा ३१६ होता. दोन्ही पाहण्यांच्या काळात अंतर असले, तरी हा फरक डोळ्यांआड करता येण्याजोगा नाही.

जिवाणू म्हटला की एकेकटा तरंगणारा सूक्ष्म जीव आपल्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेक जिवाणू एखाद्या पृष्ठभागाला किंवा एकमेकांना चिकटून वस्ती करतात आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिने व डीएनए यांचे चिकट आवरण विणतात. रोज न घासलेल्या माठाला आतून येणारी बुळबुळ किंवा दातांवर साचणारा थर ही त्याची घरगुती उदाहरणे होत. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात.

हे आवरण चिलखतासारखे औषध अडवते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टोब्रामायसिनसारखी काही औषधे आवरणातील घटकांना चिकटून वाटेतच अडकतात, पण बरीच औषधे आतपर्यंत पोहोचतात. खरी अडचण पुढे आहे. वस्तीच्या गाभ्यात प्राणवायू आणि अन्न कमी असल्याने तेथील जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबलेली असते. बहुतेक प्रतिजैविके जिवाणूच्या वाढीवरच घाव घालतात. कोणी पेशीभित्तिका बांधू देत नाही, तर कोणी प्रथिने तयार होऊ देत नाही. जेथे बांधकामच बंद आहे, तेथे गवंडी पळवून काय साधणार?

ही औषधसहिष्णुता आणि नेहमी चर्चेत असलेला औषधरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधरोधात जिवाणूची जनुके बदललेली असतात. सहिष्णुतेत तसे घडलेले असेलच असे नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचणीत औषध लागू पडते आणि रुग्णाच्या छातीत मात्र ते अपुरे ठरते, कारण चाचणी सहसा जोमाने वाढणाऱ्या सुट्या जिवाणूंवर होते.

क्षयाचा जंतूही प्रयोगशाळेत अशी वस्ती करतो आणि तिच्यातील काही जंतू औषधांना दाद देत नाहीत, हे २००८ मध्ये दाखवण्यात आले. चंडीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेच्या अश्वनी कुमार यांच्या गटाने २०२१ मध्ये बाधित फुप्फुसांतही सेल्युलोजयुक्त बायोफिल्म आढळल्याचे प्रसिद्ध केले. सेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील पदार्थ. त्याचे विघटन करणारे विकर उंदरांना दिल्यावर क्षयाच्या औषधांचा प्रभाव वाढला. माणसांसाठी हा उपचार अद्याप उपलब्ध नाही. शिवाय दीर्घ उपचारांमागे बायोफिल्म हे एकमेव कारणही नव्हे. क्षयाच्या गाठींतील मृत ऊतींमध्येही जंतू दीर्घकाळ सुप्त राहतात.

क्षय बरा झाल्यावरही काहींच्या मागचे शुक्लकाष्ठ सुटत नाही. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्यांत कफ साचतो. या विकाराला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,१९५ भारतीय रुग्णांच्या नोंदींत ३५.५ टक्के जणांच्या विकाराचे मूळ पूर्वीच्या क्षयात होते. थुंकीत सर्वाधिक आढळलेला जिवाणू होता स्यूडोमोनास, म्हणजे बायोफिल्म बांधण्यात तरबेज असा जिवाणू. त्याच्या १३.७ टक्के रुग्णांत नोंदी झाल्या.

अशा रुग्णांसाठी साचलेला कफ रोज बाहेर काढण्याचे श्वसनव्यायाम औषधांइतकेच महत्त्वाचे असतात. त्याने वस्तीला थारा कमी मिळतो. काही रुग्णांना वाफाऱ्यावाटे प्रतिजैविक दिले जाते, त्यामुळे ते श्वासनलिकेत अधिक प्रमाणात पोहोचते. वारंवार बळावणाऱ्या आजारात अ‍ॅझिथ्रोमायसिन अल्प मात्रेत अनेक महिने देतात. मात्र त्याआधी थुंकीत क्षयाच्या जंतूचे इतर भाऊबंद नाहीत ना, याची तपासणी आवश्यक ठरते, कारण त्यांच्यावर हे औषध एकटेच दिले तर ते त्याला दाद देईनासे होतात. जुना क्षयरोगी पुन्हा खोकू लागल्यास औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेले लिव्होफ्लॉक्सॅसिनही असाच घोळ करते. या औषधाने क्षयाचा जंतू काही दिवस दबतो आणि निदान लांबते.