खोपा तिच्या पसंतीचा

मैत्रिणींनो, सुगरण म्हटलं की आपल्याला वाटतं, तो सुंदर खोपा तिनंच विणला असणार. नावच तसं! प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर. मादी येते, आत शिरून बघते आणि आवडलं तरच राहते.

आमच्या खडवलीत पावसाळ्यात हा सोहळा घरामागेच बघायला मिळतो. भातसा नदीकडच्या शेतात एक विहीर आहे आणि तिच्यावर वाकलेली बाभूळ. पाऊस लागला की पिवळ्या टोपीचे नर तिथे हजर. भाताच्या, गवताच्या पात्याला चोचीनं खाच पाडायची, लांब चिरा ओढून काढायच्या आणि गाठी मारत विणायचं. खोपा अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसू लागला की काम थांबवून पंख फडफडवत माद्यांना हाका मारायच्या. एखादीनं पसंत केला तरच पुढची लांब नळी विणली जाते. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. पसंती मिळाली की स्वारी दुसरा खोपा विणून दुसरी मादी शोधायला मोकळी! अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं मात्र बहुतेक सगळं तिच्याच वाट्याला. आपल्याला हे ऐकून फारसं नवल वाटणार नाही म्हणा!

हा संसार नीट उलगडला तो आपल्या कोकणातच. पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून गाजलेले सालिम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला पत्नी तहमीना यांच्यासह राहत होते. हाती नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी चिकाटीनं एकेका खोप्यावर लक्ष ठेवलं आणि एका नराचे अनेक संसार असतात, हे नोंदवलं. लांब कुठे जायला नको. घराजवळचं झाड आणि सबुरी पुरे.

हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाइल, कॅमेरे आले. मीही फोटो काढते. पण घरट्याचा फोटो म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत डोकावणं, हे विसरून चालत नाही. एका रविवारी सहलीला आलेला एक हौशी मुलगा म्हणाला, ‘‘काकू, मधली ती फांदी जरा बाजूला बांधतो. दोनच मिनिटं.’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, ती फांदी तुझ्या आड येते, तशीच कावळ्याच्याही आड येते.’’ त्यानं दोरी पिशवीत ठेवली आणि लांबूनच फोटो घेतले.

तुमच्या कुंडीत किंवा जास्वंदीत बुलबुलाचं घरटं असेल, तर हेच लक्षात ठेवा. पानं दूर सारू नका, फ्लॅश मारू नका, पिलांना हात लावू नका. उडायला आलेली पिलं घाबरून वेळेआधीच बाहेर उडी टाकतात. आई चोचीत किडा घेऊन लांबच ओरडत बसली, तर समजावं, आपण फार जवळ आलोय. मुकाट्यानं मागे सरावं. घरटं कुठे आहे, हे गावभर सांगू नये. दिवाणखान्यात टांगायला खोपा तोडून आणायची हौसही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हे ‘शिकारी’च्या व्याख्येतच बसतं.

मग करायचं काय? स्वयंपाकघराच्या खिडकीआडून बघा. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि जवळजवळ तेवढ्याच दिवसांत पिलं घरटं सोडतात. पहिली काडी कधी आली, पिलांची चिवचिव कधी ऐकू आली, हे कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच सुमारास कुंडीची छाटणी चार आठवडे लांबवलीत, की एका आईची मोठी सोय होईल.