पांढऱ्या पानाचा पंचनामा

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला माढा तालुका एके काळी शाळूच्या जिराईत रानांसाठी ओळखला जाई. परंतु याच तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवरील धरण १९८० साली पुरे झाले, कालवे फिरले, आणि ज्या मातीने पिढ्यानपिढ्या केवळ पावसाची वाट पाहिली होती तिच्यावर उसाचे फड उभे राहिले. बागाइताच्या मागोमाग त्याच्या व्याधीही आल्या. त्यांतील एकीने रयतेस आणि शास्त्रज्ञांस सारखेच चकविले आहे.

उसाच्या एखाद्या बेटास कांडी धरण्याऐवजी गवतासारखे बारीक, असंख्य फुटवे येतात, पाने अरुंद होऊन फिकट वा पांढरी पडतात, आणि गाळपास योग्य असा ऊस त्या बेटातून क्वचितच निघतो; खोडव्यात तर हा प्रकार अधिकच उग्र होतो. ‘गवताळ वाढ’ हे या रोगाचे नाव. नगर जिल्ह्यातील बेलापूर येथे १९४९ साली त्याची पहिली नोंद झाली. परंतु पान पांढरे पडण्यास दुसरेही कारण असते. चुनखडीच्या जमिनीत पिकास लोह मिळत नाही, उसावर ‘केवडा’ पडतो, आणि हिराकशीची फवारणी केली की तो हिरवा होऊ लागतो. एका पांढऱ्या पानास असा उपाय आहे. दुसरे दिसताच बेट मुळासकट उपटून नष्ट करावे लागते. उभ्या पिकाचा असा निवाडा केवळ नजरेच्या दाखल्यावर व्हावा, हे मला फार अन्यायाचे वाटते. आणि वरून निरोगी दिसणाऱ्या, परंतु आतून बाधित असलेल्या उसाचे बेणे शेजाऱ्यास विश्वासाने दिले जावे, हा त्याहून मोठा अनर्थ होय.

अशा रोगांचे मूळ विषाणूंत असावे, अशी पूर्वी समजूत होती. १९६७ साली जपानमधील योजी दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तुतीच्या रोगट झाडांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भित्तिकाहीन जिवाणू आढळले. त्यांसच पुढे फायटोप्लाझ्मा हे नाव मिळाले, आणि उसाची गवताळ वाढही अशाच फायटोप्लाझ्मामुळे होते. पेशीस भित्तिकाच नसल्यामुळे तिच्यावर आघात करणारे पेनिसिलिन येथे निरुपयोगी ठरते. वनस्पतीच्या अन्नवाहिन्यांत वस्ती करणारा आणि तुडतुड्यांच्या सोंडेतून प्रवास करणारा हा जीव प्रयोगशाळेतील बशीत इतर जिवाणूंप्रमाणे वाढविता येत नाही. त्याचे भाईबंद दूरवर पसरले आहेत. केरळात एराट्टुपेट्टा परिसरात १८७४ पासून दिसलेल्या नारळाच्या मूळ-मर रोगाचा फायटोप्लाझ्मा २०१० साली रेण्वीय तपासणीने ओळखला गेला, तेव्हा तो उसाच्या फायटोप्लाझ्माच्याच अकराव्या गटातील निघाला. समुद्रकाठचा माड आणि माढ्याचा ऊस यांच्या दुखण्याचे हे गोत्र कोणत्याही डोळ्यास दिसले नसते.

ही तपासणी म्हणजे जनुकांचा साक्षीपुरावा. पानाची मध्यशीर द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून कुटतात, क्षार व क्लोरोफॉर्म यांच्या साह्याने प्रथिने दूर सारतात आणि मद्यार्कात डीएनए खाली बसवितात. त्यात उसाचा डीएनए अपरंपार असतो, जिवाणूचा केवळ लेशमात्र. त्या लेशाचा शोध घेण्यासाठी १९८३ साली कॅरी मलिस यांना सुचलेली पीसीआर ही पद्धती उपयोगी पडते: सुमारे ९५ अंशांस डीएनएचे दोन धागे विलग होतात, तापमान उतरविले की जिवाणूच्या १६-एस जनुकाशी जुळणारे छोटे आरंभक तुकडे त्यांस चिकटतात, आणि ७२ अंशांस नवे धागे विणले जातात. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होत गेल्या, तर ३० आवर्तनांत एकीच्या १०० कोटींहून अधिक होतात. तरीही खात्री पटावी म्हणून मिळालेल्या तुकड्याच्या आतील भागावर हीच क्रिया पुन्हा करतात. शेवटी जेलवर अतिनील प्रकाशात एक पट्टी उजळते; केवड्याच्या पानातून ती उमटत नाही.

या कामी महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी उसाच्या या जिवाणूच्या जनुकसंचाचा अभ्यास करून २०२१ साली त्यास ‘फायटोप्लाझ्मा सॅकॅरी’ ही स्वतंत्र ओळख दिली.

मात्र जिवाणू झाडात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. एका पानात तो सापडला नाही, म्हणून सारे बेट निर्दोष ठरत नाही. म्हणून बेणेमळ्यातून अनेक ठिकाणचे नमुने घ्यावेत, बेण्यास सुमारे ५४ अंशांच्या दमट उष्ण हवेची प्रक्रिया द्यावी, आणि हे सर्व बेणे मळ्याबाहेर जाण्यापूर्वी व्हावे, असा माझा आग्रह आहे. कारण बेणे एकदा गाडीत चढले, की रोगट बेटाच्या कांड्या कोणत्या गावच्या कोणत्या सरीत पुरल्या गेल्या, याचे दप्तर कोणी ठेवीत नाही.