मराठी मुलखातील ख्रिस्ती जीवन – लेखांक ६ : पंगत

एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलखात माणूस ख्रिस्ती झाल्याचे शेजाऱ्यांना कळे ते बहुधा त्याच्या ताटावरून. बाप्तिस्मा चर्चच्या चार भिंतींत होई आणि तो पाहणारे थोडे असत. पण कोण कोणाच्या हातचे पाणी प्यायला, कोण कोणाच्या पंगतीला बसला, ही बातमी आळीभर व्हायला वेळ लागत नसे. मनात काय मानले याची चौकशी जातीने क्वचितच केली. पोटात काय गेले आणि कोणाच्या हातून गेले, याची मात्र कसून केली. त्यामुळे रोजच्या नात्यांत ख्रिस्ती श्रद्धा कशी उमटली हे पाहायचे तर स्वयंपाकघरातून आत शिरावे लागते.

नव्या करारातही हा विषय जागोजागी येतो. येशूवर फरीशांनी घेतलेल्या ठळक आक्षेपांपैकी एक असा, की तो जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर जेवतो. यरीहो गावात जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराकडे येशू आपणहून उतरतो आणि लोक कुरकुर करू लागतात. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. यातला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जक्कय आधी सुधारला आणि मग त्याच्या घरी जाणे झाले, असे लूकने लिहिलेले नाही. पाहुणा आधी आला.

येशूनंतरच्या पिढीत हाच प्रश्न मंडळीच्या आत शिरला. पेत्र कैसरियात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी राहून यरुशलेमेत परतला, तेव्हा त्याला जाब विचारला गेला तो बेसुंती लोकांबरोबर जेवल्याचा. पुढे अंत्युखियात तो यहुदीतर बांधवांच्या पंगतीला बसत असे. पण याकोबाकडची माणसे आली तसा तो हळूच बाजूला झाला, आणि त्याच्या मागोमाग बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ही हकिकत आहे. पेत्राच्या मतात फरक पडलेला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली होती, आणि पौलाच्या लेखी तेवढ्याने श्रद्धा खोटी ठरत होती. मराठी वाचकाला हा प्रसंग फोड करून सांगावा लागत नाही.

करिंथच्या मंडळीतला घोळ निराळा होता. तिथे सधन लोक आपापले अन्न आणून आधीच जेवून घेत आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहत. याला प्रभुभोजन म्हणता येणार नाही, असे पौलाने बजावले. मात्र त्याच पत्रात तो दुसरी बाजूही मांडतो: मूर्तीला वाहिलेले मांस खाण्यात मुळात दोष नाही, पण आपल्या खाण्याने दुबळ्या बांधवाला ठेच लागत असेल तर ते सोडून द्यावे. म्हणजे दोन नियम झाले. पंगतीतून कोणालाही उठवायचे नाही, हा एक. दुसऱ्याच्या मनासाठी आपली मोकळीक आवरायची, हा दुसरा. प्रत्यक्ष घरात हे दोन नियम एकमेकांशी भांडतात, आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासात ते भरपूर भांडले.

महाराष्ट्रात या वादाने पहिल्यांदा मोठे वादळ उठवले ते १८४३ साली. नारायण शेषाद्री या तरुणाने मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अज्ञान होता आणि रेव्हरंड नेस्बिट यांच्या घरी राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात आला. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली, कारण मुलाने मिशनऱ्याच्या घरचे अन्न खाल्ले होते. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. कायद्याने जो मुलगा ख्रिस्ती ठरला नव्हता, तो जेवणाने जवळजवळ ठरला होता.

सुधारकांनाही ताटाची ही ताकद ठाऊक होती. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे हा जातिभेद मोडल्याचा पुरावा मानला जाई. पण सगळे गुपचूप. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. या सभेत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावात उघडपणे ख्रिस्ती झाले होते. पाव तोच, बंद दाराआड खाणे आणि चारचौघांत खाणे यांत जे अंतर होते ते मात्र सबंध आयुष्याचे होते. तीस वर्षांनंतरही ते फारसे घटले नव्हते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ने छापली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत लोकमान्य टिळकही होते आणि न्यायमूर्ती रानडेही. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले.

एका पेल्यावरून एवढे रान पेटणाऱ्या त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंचे शारदा सदन चालू होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. सदन त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणले. संस्था चालवणारी बाई ख्रिस्ती, आणि राहणाऱ्या बहुतेक विधवा उच्चवर्णीय हिंदू. त्यांना आपले आचार पाळता यावेत अशी स्वयंपाकपाण्याची सोय सदनात होती, आणि रमाबाई स्वतः शाकाहारी राहिल्या. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातला दुसरा नियम इतक्या काटेकोरपणे पाळलेला मराठी मुलखात क्वचितच दिसतो. तरी वाद झालाच. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार लावून घेत नसत, आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. दार लावून घ्यावे की नाही, हा वरवर क्षुल्लक प्रश्न. पण घरात श्रद्धा किती दिसू द्यावी याची सीमा नेमकी तिथेच होती. रमाबाईंनी दार उघडेच ठेवले. त्यांची ही भूमिका प्रामाणिक होती. पालकांचा आणि सल्लागारांचा संशयही सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही, कारण ज्या बाईवर निराधार मुलीचे अन्नवस्त्र अवलंबून, तिची प्रार्थनाही त्या मुलीवर वजन टाकतेच.

नवरा-बायकोच्या नात्यात हा पेच कसा सुटला याचा मराठीतला सर्वांत जिवंत पुरावा म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आलेला धुण्याजोगा जिन्नस धुतल्याखेरीज घरात यायचा नाही. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या, त्या सोवळ्यासकट. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती आणि त्याच्या बायकोला त्याचा स्पर्श झालेले पाणी चालत नाही, अशा अवस्थेत हे जोडपे राहिले. टिळक तापट होते. पण या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही.

पुढे राहुरीत लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, उत्तर स्वतःच काढले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, १९०० मध्ये घेतला. इथेही क्रम जक्कयाच्या घरातल्यासारखाच आहे: आधी पंगत, मग श्रद्धेचा उच्चार. त्यानंतर टिळकांचे घर वाटसरूंचे आणि पोरक्या मुलांचे झाले. घरात पैसा आहे की नाही याची फिकीर टिळकांना नसे. ते माणसे घेऊन येत आणि चुलीपुढे बसायचे लक्ष्मीबाईंनी. अशा आतिथ्याच्या गोष्टी चर्चमध्ये कौतुकाने सांगितल्या जातात तेव्हा नाव बहुधा यजमानाचे होते, भाकऱ्या थापणारीचे नाही. ‘स्मृतिचित्रे’ने निदान एका घरापुरती ही उणीव भरून काढली, तीही चेहऱ्यावरचे हसू न मावळू देता.

ख्रिस्ती समाजाने बाहेरच्या जातीवर टीका केली, आतल्या जातीबद्दल तो बराच सोशीक राहिला. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा कित्येकांनी चर्च सोडले, जात सोडली नाही. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज अमलात झालेल्या धर्मांतरात गावेच्या गावे जातीसकट ख्रिस्ती झाली. गोव्यातील कॅथलिकांत बामण, चारडो, सुदीर हे भेद टिकले, आणि काही गावांतील चर्चच्या बंधुसंघांचे सभासदत्वही जातीवर ठरत असे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार समाजातून आलेले होते. मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्यांबरोबर जेवायला त्यांच्यातले अनेक जण दीर्घकाळ तयार नव्हते. ज्यांना साऱ्या गावाने पंगतीबाहेर ठेवले, त्यांनीही आपल्याखालची एक पायरी राखून ठेवली होती. प्रभुभोजनाचा प्याला त्यामानाने सोपा गेला. तो चर्चमध्ये, पाळकासमोर आणि घोटभर असतो. घरच्या ताटाला तेवढ्या मर्यादा नसतात.

या कोंडीवर नारायण वामन टिळकांनी अखेरच्या काळात एक वाट काढून पाहिली. १९१७ मध्ये साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला मानणारा कोणीही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात येऊ शकत होता. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ तग धरू शकला नाही.

एकत्र जेवणाचा प्रश्न विसाव्या शतकात शहरे, वसतिगृहे, उपाहारगृहे आणि रेल्वे यांनीच बराचसा निकालात काढला. त्याचे सगळे श्रेय चर्चने घेण्यासारखे नाही. लग्नाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. वसईतील सामवेदी आणि वाडवळ, गोव्यातील बामण आणि चारडो, पश्चिम महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींतून आलेली कुटुंबे आज एका पंगतीला सहज बसतात; सोयरीक जमवताना मात्र जुनी चौकशी अजून होते. त्या चौकशीचा विचार पुढील लेखांकात.